गावानं निवडलेली बाई: जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा अभ्यास

आडगावात लोकांचा दवाखाना काढायचा विषय निघाला की बोलणं लगेच खोल्या, खाटा, औषधांची खरेदी आणि रुग्णवाहिका यांवर येतं. डॉक्टर मिळेल का, टिकेल का, हा प्रश्न त्यानंतर. लोक सगळ्यात शेवटी येतात, तेही 'जनजागृती' नावाच्या रकान्यात. जामखेडचं प्रकरण नीट वाचावं ते यासाठी. तिथे डॉक्टर होते, तेही उत्तम शिकलेले, दवाखानाही उभा राहिला. पण पहिल्या दोन-तीन वर्षांतच कामाचा क्रम पार बदलला, आणि बदलला तो गावांमुळे.

जामखेड हे अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचं तालुक्याचं ठिकाण. एका बाजूला बीडचा आष्टी-पाटोदा, दुसरीकडे धाराशिवचा भूम-परांडा. बालाघाटची उघडी माळरानं, पर्जन्यछायेचा मुलूख, कोरडवाहू ज्वारी-बाजरी, आणि दसरा झाला की कोयते घेऊन ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यातलं. इतिहासानं दखल घेतलेल्या या भागात 1971 साली दर हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती, म्हणजे साधारण सहा बाळांमागे एक.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये इथे आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. साठच्या दशकात त्यांनी याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं काढली होती, आणि जामखेडचं बीज तिथलंच आहे. वडाळ्याला रुग्णांची रीघ लागायची, शस्त्रक्रिया व्हायच्या, दवाखान्याचं नाव झालं. पण हगवणीनं सुकलेलं मूल बरं करून घरी पाठवावं आणि काही आठवड्यांनी तेच मूल पुन्हा दारात यावं, हे चक्र काही थांबेना. आजार घराकडून येत होता, विहिरीकडून येत होता, रिकाम्या डब्यांतून येत होता. दवाखाना मात्र रस्त्यालगत उभा होता. पुढे अमेरिकेत शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघं परतले, ते प्रकल्पाचा कच्चा आराखडा सोबत घेऊनच.

आधी आमंत्रण, मग दवाखाना

त्यांनी जागा आधी हेरली नाही. अनेक ठिकाणी जाऊन तिथल्या पुढाऱ्यांशी बोलले, आणि जिथे लोक काही जबाबदारी उचलायला तयार दिसले तिथे थांबले. जामखेडकरांनी गुरांच्या दवाखान्याची जुनी इमारत दिली. स्थानिक मंडळींची सल्लागार समिती झाली. सुरुवातीचं कार्यक्षेत्र होतं 30 गावांचं, सुमारे 40,000 वस्तीचं.

गुरांच्या दवाखान्याची ही गोष्ट कौतुकानं सांगितली जाते. मला त्यातली व्यवहाराची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. जागा गावाची असली की पाहुण्याला सवयीनं मालक होता येत नाही. बाहेरच्या पैशानं नवी कोरी इमारत आधी उभी राहिली असती, तर लोकांना ती सरकारी किंवा मिशनची वाटली असती, आणि तिथे हक्कानं बोलायची कुणाला गरजच वाटली नसती.

गावोगावच्या बैठकांत मात्र आरोग्याचा विषय निघेना. लोक पाण्याबद्दल बोलत, धान्याबद्दल बोलत. लसीकरण, कुटुंबनियोजन, बाळंतपण हे विषय डॉक्टरांच्या यादीत होते. गावाच्या यादीत विहीर होती. तेवढ्यात 1972 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना खडी फोडायची कामं, मदत म्हणून मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आठवत असेल. आरोळे दांपत्यानं आपली यादी बाजूला ठेवली आणि गावाची हातात घेतली. मुलांसाठी गावातच अन्न शिजू लागलं. ते शिजवायचं आणि वाढायचं काम गावकऱ्यांनी केलं, पुढे काही ठिकाणी शेतकऱ्यांनी मुलांसाठी धान्य पिकवायला जमिनीचे तुकडेही दिले. कूपनलिका खोदल्या, हातपंप बसले. तरुणांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचा खेळ कामी आला. एकाच जाळ्याच्या दोन बाजूंना सगळ्या जातींची पोरं उभी राहिली, आणि त्यातूनच शेतकरी मंडळं तयार झाली. ही मंडळंच पुढे घरोघरीचं सर्वेक्षण करायला फिरली.

हातपंप कुठे बसवायचा, हा निर्णय वरवर तांत्रिक दिसतो. जामखेडला तो जाणूनबुजून दलित वस्तीलगत बसवला गेला. दुष्काळात पाणी ज्या बाजूला, त्या बाजूला सगळ्यांना जावंच लागतं. ज्या वस्तीतून पाणी घ्यायला पूर्वी कुणी तयार झालं नसतं, तिथे आता हंडे घेऊन रांग लागू लागली. विटाळ पाळणाऱ्या गावात पुढे दलित बाईच्या हातून औषध घेतलं गेलं, बाळंतपण करवून घेतलं गेलं, त्याची वाट या रांगेतून गेली असं मी मानते. भाषणांनी ते झालं नसतं.

नर्सचा प्रयोग आणि त्याची जागा घेणारी बाई

आराखड्यात गावपातळीवर काम करायला प्रशिक्षित नर्स होत्या. कागदावर यात काही खोट नव्हती. शिकलेली, पदवीची नाही तरी पदविकेची बाई गावात राहणार, बाळंतपणं करणार, लसी देणार. प्रत्यक्षात तरुण, बहुतेक बाहेरगावच्या मुलींना एकट्यानं गावात राहणं अवघड गेलं. राहायची सोय नाही, रात्री-बेरात्री कुणी बोलावलं तर जायची धास्ती, आणि गावाच्या नजरा. गावच्या बायकांनाही ती आपली वाटेना. पांढरे कपडे घातलेली शहरी पोर सांगतेय म्हणून सासू सुनेला मटण-अंडं खाऊ घालील, ही अपेक्षाच चुकीची होती. शिवाय ही अडचण पगार वाढवून किंवा क्वार्टर बांधून सुटण्यासारखी नव्हती. सरकारी उपकेंद्रांत आजही ती जशीच्या तशी दिसते.

गावकऱ्यांशी बोलता बोलता पर्याय पुढे आला: गावातलीच बाई का शिकू नये? तिला वाचता येत नसेल तरी हरकत नाही. तिनं गावात राहायचं आहे, ती तिथेच राहते. तिला रात्री दुसऱ्याच्या घरी जायचं आहे, ती वर्षानुवर्षं जातेच आहे. इथे प्रकल्पानं एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला तो सर्वांत मोठा निर्णय आहे. बाई निवडायचा अधिकार गावाला दिला. निवड झालेल्यांत कितीतरी बायका निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या. घरात ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, अशाच कितीतरी जणी होत्या.

प्रशिक्षण एकदाच देऊन मोकळं होणारं नव्हतं. बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्कामी राहायच्या. सगळ्या जातींच्या बायका एकाच ठिकाणी जेवायच्या, एकाच खोलीत झोपायच्या. शिकवण्याची सुरुवात गेल्या आठवड्यात गावात काय घडलं इथून व्हायची. कुणाकडे ताप आला, कोणतं मूल अंगावर पीत नाही, कोणती बाई सातव्या महिन्यात पायांना सूज घेऊन बसलीय. त्या घडलेल्या गोष्टीतून धडा निघे. पुस्तक नसल्यानं सगळं गोष्टींतून, गाण्यांतून, हातानं करून बघण्यातून. अक्षर येत नसलेल्या बाईची स्मरणशक्ती किती तल्लख असते, हे शिकवणाऱ्यांनाही तिथेच कळलं असणार.

या बाईच्या हाती नेमकं काय असायचं ते जवळून पाहू, कारण 'प्राथमिक आरोग्य सेवा' या शब्दांत ते हरवून जातं. हगवण लागलेलं मूल घ्या. घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात, पाणी दिलं की जुलाब वाढतात, तेव्हा पाणी तोडा. मुलाची टाळू खाली बसलेली, डोळे खोल गेलेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी. बाई चुलीपाशी बसते. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. आधी स्वतः चाखते. आसवांहून खारट लागलं तर ओतून देऊन पुन्हा करते. मग चमच्याचमच्यानं पाजत राहते. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सासू बघत असते. दुपारी मूल मुतलं की सासूच म्हणते, लघवी झाली बघ. पुढच्या वेळी शेजारच्या घरातलं पाणी तीच करते. याला सलाईन लागत नाही, सुई लागत नाही, आणि तालुक्याला जाणाऱ्या एसटीचं भाडंही लागत नाही.

बाळंतपणाचंही तसंच. विळ्यानं किंवा मिळेल त्या पात्यानं नाळ कापायची आणि वर शेण किंवा राख लावायची, या रीतीतून धनुर्वाताचे जंतू सरळ बाळाच्या अंगात जात. साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, स्वच्छ कापड: या चार वस्तूंची पुडी आणि ती वापरायची शिस्त एवढंच हवं होतं. सुईणींना हाकलून न देता त्यांच्याबरोबर बसून हे झालं, म्हणून ते रुजलं.

कुष्ठरोग आणि क्षयाचे रुग्ण वेगळ्या वसाहतीत न पाठवता घरीच ठेवून औषधं देण्याचं कामही याच बायकांनी उचललं. अंगावरचा बधिर चट्टा ओळखायला सेविकेला नवी नजर मिळाली, आणि ओळखल्यावर त्या माणसाच्या घरी जाऊन चहा पिण्याचं धाडस तिनं दाखवलं. गावातली भीती कमी होण्यात औषधाइतकाच त्या चहाचाही वाटा होता.

यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ पुढे वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलेलं सार असं: डॉक्टर आणि मोठी इस्पितळं या झुंबरासारखी, सुंदर, महागडी आणि हात न पोहोचणारी, मी साधी पणती आहे, पण माझ्यावरून दुसरी पणती लावता येते.

दवाखान्याची खरी जागा

गावातली सेविका, आठवड्याला फिरणारं पथक आणि जामखेडचं रुग्णालय अशी तीन पायऱ्यांची ही रचना. पथकात नर्स, समाजकार्यकर्ते आणि गरज पडेल तसे डॉक्टर. नर्स इथे पुन्हा येते, पण वेगळ्या जागी: एका गावात एकटी अडकून न राहता अनेक सेविकांची आधार म्हणून. ज्या अडचणीनं तिचा पहिला प्रयोग फसला ती तिच्या नव्या भूमिकेत उरलीच नाही.

रुग्णालय कमी महत्त्वाचं होतं असं कुणी समजू नये. अडलेली बाळंतीण, गंभीर न्यूमोनिया, शस्त्रक्रिया यांसाठी जवळ भरवशाचं ठिकाण नसेल तर गावातल्या सेविकेचा शब्द चारच दिवस टिकतो. ती 'हिला आत्ताच्या आत्ता न्या' म्हणते आणि नेल्यावर तिथे कुणी भेटत नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तिचं कुणी ऐकत नाही. रुग्णालय माफक शुल्क घ्यायचं आणि त्या उत्पन्नातून कामाचा मोठा भाग चालायचा. देणग्या आल्या, पण फुकटाची सवय लावली नाही. सेविकेचं काम पगारी नोकरीच्या साच्यात बसवलं गेलं नाही. तिला घरासाठी उत्पन्नाचं साधन मिळावं म्हणून शेळ्या, छोटा धंदा, कर्ज अशी मदत महिला मंडळांमार्फत झाली. याबद्दल आज माझ्या मनात शंका आहेत. बाईच्या श्रमाला सेवा म्हणणं समाजाला फार सोपं जातं. तरी जामखेडला एक गोष्ट होती: तिच्या कामाचा हिशेब वरच्या कार्यालयाला न जाता गावाला जायचा, आणि गावात तिला मिळालेला मान हा तिच्या आयुष्यातला फार मोठा बदल होता.

काय साधलं, काय राहिलं

1971 चा 176 हा बालमृत्यूदर 1976 पर्यंत 52 वर आला. पाच वर्षांत एवढा फरक मोठ्या रुग्णालयानं पडत नाही; तो पाणी, अन्न, लस, हगवणीवरचं घरचं औषध आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोडीनं पडला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरच्या अशा प्रयोगांचा संग्रह काढला, त्यात जामखेड होतं, आणि 1978 च्या अल्मा-आटा इथल्या प्राथमिक आरोग्य सेवेवरच्या जागतिक परिषदेआधीच्या चर्चांमध्ये या प्रयोगांचा आधार घेतला गेला. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण कौतुकावर थांबलं तर प्रकरण अर्धंच वाचलं जाईल. 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक तुलनात्मक अभ्यास आला. प्रकल्पाची गावं आणि तशीच दुसरी गावं यांची तुलना केल्यावर दिसलं, की पहिल्या महिन्यानंतरच्या बालमृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र तसा ठळक फरक आढळला नाही. हा निष्कर्ष मोलाचा आहे. हगवण, गोवर, कुपोषण यांच्याशी सेविका लढू शकली. अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं किंवा जन्मतःच श्वास न घेणारं बाळ, आणि पहिल्या आठवड्यातला जंतुसंसर्ग, यांना वेगळं कौशल्य लागत होतं.

ती वाट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत सापडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 39 गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: श्वास कोंडलेल्या बाळाला श्वास देणं, बाळ उबदार ठेवणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून गरजेला प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी उतरला. जामखेडनं 'कोण' हा प्रश्न सोडवला होता. गडचिरोलीनं त्याच बाईच्या हातात पुढचं ज्ञान दिलं. दोन्ही कामं शेजारी ठेवून वाचली तर एक दुसऱ्याची उणीव भरून काढतं.

सरकारनं काय उचललं? 2 ऑक्टोबर 1977 ला केंद्रानं गावोगावी आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना आणली: तीन महिन्यांचं प्रशिक्षण, दरमहा 50 रुपये मानधन. निवड कागदोपत्री गावाची. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पुरुष नेमले गेले, त्यांत स्थानिक पुढाऱ्यांच्या मर्जीतले कितीतरी. आठवड्याचं सततचं शिकणं नाही, पाठीशी फिरतं पथक नाही, पाणी-धान्याची जोड नाही. योजना हळूहळू विरली. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' नावाच्या गावपातळीच्या आरोग्य सेविका आल्या, साधारण हजार वस्तीला एक. यावेळी बाईच निवडायची हे ठरलं, आणि आज नवजात बाळाच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशा जाते यात गडचिरोलीचा थेट वाटा आहे. पण आशाच्या हातातल्या वह्या बघा. नोंदी वर जातात, गावाला वाचून दाखवल्या जात नाहीत. मोबदला बराचसा कामागणिक, तोही बऱ्याचदा उशिरा, आणि तिची दाद मागायची जागा तालुका कार्यालयात आहे, ग्रामसभेत नाही. जामखेडच्या बाईचं जे बळ होतं, म्हणजे गावाशी तिचं असलेलं उत्तरदायित्व, तेवढंच योजनेत उतरलं नाही.

आज कुणी सुरुवात करणार असेल तर

मेबल आरोळे 1999 मध्ये आणि रजनीकांत आरोळे 2011 मध्ये गेले. काम पुढची पिढी चालवते आहे, आणि रस्ते, मोबाइल, 108 ची रुग्णवाहिका, घरच्याऐवजी दवाखान्यात होणारी बाळंतपणं यांमुळे गावाची गरज बदलली आहे. हगवणीच्या जागी रक्तदाब आणि साखर आली. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या गरोदर बाईची नोंद गावात असते आणि ती मात्र चार जिल्हे ओलांडून गेलेली असते. हा प्रश्न आजही कुणी पुरता सोडवलेला नाही.

नवा गट गावात उतरला तर त्यानं आधी तिथली आशा, अंगणवाडी सेविका आणि ए.एन.एम. (उपकेंद्राची नर्स) यांच्याबरोबर बसावं. त्यांना समांतर चौथी बाई उभी केली तर चौघी एकमेकींच्या विरोधात जातील. गावची ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती बहुतेक ठिकाणी कागदावर जिवंत असते आणि तिला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी मिळू शकतो. हा निधी कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवण्यापासून सुरुवात करता येते. त्यापाठोपाठ गावात गेल्या वर्षी किती बाळं जन्मली, किती गेली आणि कशानं गेली, हेही तिथेच वाचावं. पहिल्यांदा कुणी बोलणार नाही. मग एखादी म्हातारी म्हणेल की माझ्या नातीची नोंद यात नाही. त्या नोंदीसाठी वही उघडावी, आणि तिला विचारून लिहावं: कोणत्या दिवशी ताप आला, कुणाला दाखवलं, गाडी किती वाजता मिळाली. पुढच्या महिन्यात ही वही कुणी लिहायची, ते गावाला ठरवू द्यावं.